दुसऱ्याचा किल्ला

दिवाळीच्या चार दिवसांत डोंबिवलीच्या एखाद्या जुन्या वस्तीतून सहज फेरफटका मारावा. इमारती उंच झाल्या, अंगणे गेली, अंगणांच्या जागी मोटारी उभ्या राहिल्या. तरीही जिन्याखाली, पाण्याच्या टाकीपाशी किंवा कुंपणाच्या भिंतीला टेकून मातीचा एखादा किल्ला आढळतोच. आत विटांचे तुकडे आणि गोणपाट, वर चिखलाचा लेप, उतारावर हळिवाचे पोपटी गवत आणि माथ्यावर सिंहासनारूढ महाराज. मावळे बुरुजाहून उंच असतात आणि वाघ तोफेहून लहान. पण त्याचे कोणालाच काही वाटत नाही. भाऊबीज उलटली की या किल्ल्याचे काय होते तेही आपण सर्वांनी पाहिले आहे. ज्या पोरांनी चार दिवस खपून तो उभा केला तीच पोरे त्याच्या पोटात सुतळी बॉम्ब ठेवतात, कानांत बोटे घालून लांब पळतात, आणि किल्ला उडाला की नाचतात.

हाच बॉम्ब पलीकडच्या इमारतीतल्या मुलाने लक्ष्मीपूजनाच्या रात्री गुपचूप येऊन लावला, तर? माती तीच, बॉम्ब तोच, आवाजही तेवढाच. शिवाय दोन दिवसांनी व्हायचे ते होणारच होते. तरी पहिल्याला आपण खेळ म्हणतो आणि दुसऱ्याचा कान धरतो. कान धरलेला पोरगा चुणचुणीत असला तर विचारतो, "खेळातलाच किल्ला होता ना काका? खेळात उडवला. त्यात काय बिघडलं?" या प्रश्नाला वडीलधारी माणसे सहसा धपाट्याने उत्तर देतात, आणि त्यामुळे प्रश्न तसाच राहतो. तो साधा नाही. जे खरे नाही त्याचा नाश केल्याने खरे नुकसान कोणाचे व कसे होते, असा तो प्रश्न आहे.

आज हा प्रश्न अंगणापुरता उरलेला नाही. किल्ले आता पडद्यावर बांधले जातात. ज्या वाचकांचा या खेळांशी संबंध नातवंडांच्या हातातला फोन काढून घेण्यापुरताच येतो त्यांच्यासाठी थोडे सांगितले पाहिजे. संगणकावर एक मुलूख रचलेला असतो. त्यात डोंगर, नद्या, गावे, बाजार असतात. आपापल्या घरी बसलेली हजारो माणसे एकाच वेळी त्या मुलखात वावरतात. कोणी खाण खणतो, कोणी लाकडे तोडतो, कोणी शिंपीकाम करतो, कोणी नुसताच बाजारात उभा राहून गप्पा मारतो. तुम्ही झोपलात तरी तो मुलूख चालूच राहतो. अशा मुलखात दोन जातींची माणसे पहिल्यापासून दिसत आली आहेत. आपले काहीतरी करावे, चार ओळखी व्हाव्यात, घर बांधावे, असे वाटणारी एक. आणि या पहिल्या जातीच्या माणसांना गाठून मारण्यात ज्यांना आनंद वाटतो अशी दुसरी. त्यांना मी मारेकरी म्हणतो.

या मुलखांचा मूळपुरुष १९७८ साली इंग्लंडातील एसेक्स विद्यापीठात जन्मला. रॉय ट्रबशॉ आणि रिचर्ड बार्टल या दोन विद्यार्थ्यांनी तो रचला. त्यात चित्र एकही नव्हते, सगळा कारभार शब्दांचा. पुढे १९९६ साली याच बार्टलने एक निबंध लिहून खेळणाऱ्यांचे चार वर्ग पाडले आणि त्यांना पत्त्यांच्या चार रंगांची नावे दिली. धन जोडणारे ते चौकट, नव्या वाटा उकरून काढणारे ते इस्पिक, माणसांत रमणारे ते बदाम, आणि सोट्याने दुसऱ्याला बडवणारे ते किलवर. (कर्जतच्या लोकलमध्ये मांडीवर ब्रीफकेस ठेवून वीस वर्षे मेंढीकोट खेळलेल्या मंडळींनी आपल्या भिडूंची अशी वाटणी करून पाहावी, बहुतेक अचूक निघेल.) किलवरवाल्यांबद्दल बार्टलने एक गोष्ट फार स्वच्छ लिहून ठेवली. समोरच्याला जितका अधिक त्रास होतो तितका यांचा आनंद अधिक. त्यांना विजय पुरत नाही; कळवळणारे कोणीतरी लागते. आणि हे लोक फार झाले की बदामवाले निघून जातात, बदामवाले गेले की किलवरांनाही करमेनासे होते. हा हिशेब बार्टलने मांडला तेव्हा तो कागदावरचा होता. वर्षभरातच त्याचा प्रत्यक्ष ताळा पाहायला मिळाला.

१९९७ सालच्या सप्टेंबरात अमेरिकेतील टेक्सास प्रांतातल्या एका कंपनीने 'अल्टिमा ऑनलाइन' नावाचा मुलूख उघडला. त्याचा निर्माता रिचर्ड गॅरियट हा त्या मुलखात स्वतः राजा म्हणून वावरत असे. मुलूख रीतसर उघडण्यापूर्वी, ऑगस्टमध्ये, परीक्षेसाठी म्हणून लोकांना आत सोडले होते. राजेसाहेब प्रजेला दर्शन देण्यासाठी सज्जात उभे राहिले, आणि गर्दीतल्या कोणीतरी त्यांच्या पायाशी आगीचा मंत्र टाकला. राजाला मरण येऊ नये अशी योजना होती, पण ती चालू करायचे राजेसाहेब विसरले होते. राजा मेला. लोक हसले, राजाही नंतर हसला असेल. पुढे जे चालले ते मात्र हसण्यासारखे नव्हते.

निर्मात्यांची श्रद्धा अशी होती की माणसांना मोकळे सोडले तर ती आपण होऊन समाज बांधतील, चोरांना धरतील, खुन्यांना हाकलतील. शहरात शिपाई होते. हाक मारली की ते येऊन गुन्हेगाराला तत्काळ ठार करीत. पण शहराच्या वेशीबाहेर कोणी नव्हते, आणि खाणी व जंगले तर वेशीबाहेरच. खाणकामगार पोते भरून परत निघाला की वाटेवर मारेकरी उभा. त्या खेळात मेलेला माणूस पुन्हा उठत असे. पण त्याच्या अंगावरचे, पोत्यातले सर्व काही प्रेताजवळ पडून राही आणि ते मारणाऱ्याचे होई. निर्मात्यांनी उपाय केले. निरपराध्याचे नाव निळे, खुन्याचे तांबडे. पाच खून अंगावर आले की माणूस तांबडा होई आणि मग शहरात पाय टाकण्याची सोय राहत नसे. मारेकऱ्यांचा माग काढणाऱ्या टोळ्याही निघाल्या. तरीही नवी माणसे येत, चार वेळा मरत, आणि कंटाळून कायमची निघून जात.

शेवटी २००० साली निर्मात्यांनी हात टेकले आणि एक अजब गोष्ट केली. त्यांनी सगळ्या मुलखाची हुबेहूब दुसरी प्रत काढली. तेच डोंगर, त्याच नद्या. त्या जगाला दोन चंद्र होते. त्यांची नावे दोन्ही प्रतींना दिली. फेलुका हा जुना मुलूख, तिथे पूर्वीचाच कायदा. त्याची झाडेही वठलेली दाखवली. ट्रॅमेल हा नवा मुलूख, हिरवागार; तिथे तुमची मान्यता असल्याखेरीज कोणी तुमच्या केसाला धक्का लावू शकणार नाही. कोणी कुठे जावे यावर बंधन नाही. बहुतेक लोक हिरव्या मुलखात निघून गेले.

आता या कथेतला जो भाग मला सर्वांत बोलका वाटतो तो पुढेच आहे. फेलुकात आता उरले कोण? ज्यांना लढाईची हौस होती ते. एकमेकांच्या तोडीचे, शस्त्रात तरबेज, मरणाला न भिणारे. वीरांचा मुलूखच तो! वाटले असते की आता तिथे रणधुमाळी माजेल आणि मारेकऱ्यांना स्वर्ग दोन बोटे उरेल. झाले उलटेच. मारेकरी तक्रार करू लागले की निर्मात्यांनी खेळाचा सत्यानाश केला. मारायला माणसे समोर होती, ती परत मारणारी होती, एवढीच अडचण. पुढे पुढे तर निर्मात्यांना फेलुकात दुप्पट खनिज ठेवावे लागले, काही दुर्मिळ वस्तू तिथेच मिळतील असे करावे लागले, म्हणजे त्या लोभाने तरी शांत माणसे तिकडे फिरकतील. लांडग्यांची उपासमार होते म्हणून कुरणात दुप्पट गवत पेरून मेंढ्यांना बोलवावे, तशातला हा प्रकार.

मारेकऱ्यांच्या बाजूने जी समर्थने केली जातात ती मी पुष्कळ ऐकली आहेत, आणि ती सगळीच टाकाऊ नाहीत.

पहिले समर्थन त्या किल्ला उडवणाऱ्या पोराचेच: हा खेळ आहे, इथे कोणी खरे मरत नाही. याला आपल्या मातीतले उत्तर आहे. हुतूतूत आपण शेकडो वेळा मेलो आहोत. 'मेला, मेला' असा ओरडा झाला की मुकाट्याने रेषेबाहेर जाऊन बसलो आहोत. आमच्या जुन्या क्रीडापंडितांनी तर या मरणाचे तीन प्रकार पाडले होते: संजीवनीत मेलेला गडी आपल्या पक्षाने दुसऱ्याचा गडी मारला की पुन्हा जिवंत होई, गामिनीत सगळा पक्ष बाद होईपर्यंत मेलेला मेलेलाच, आणि अमर प्रकारात गडी मरतच नसे, नुसता गुण मोजत. एवढा बारीक विचार केला गेला, कारण मरणाची अट दोन्ही पक्षांना आधी ठाऊक असणे हाच त्या खेळाचा प्राण. शिवाय या अटीतून ज्याला वगळायचे त्याच्यासाठीही आपल्या पोरांनी एक पद निर्माण केले, ते म्हणजे लिंबूटिंबू. धाकटे भावंड खेळायला आले. पळू शकत नाही, पण खेळायचे तर आहे. मग ते लिंबूटिंबू. ते पळते, ओरडते, मध्ये मध्ये येते. पण त्याच्यावर राज्य येत नाही. लिंबूटिंबूला बाद करून कोणी शेखी मिरवू लागला तर सगळे त्याच्यावर हसतात. जगभरच्या निर्मात्यांनी कोट्यवधी डॉलर खर्चून जे शोधले, ते आपल्याकडे गल्लीतल्या दहा वर्षांच्या पोरीला ठाऊक होते.

आणि 'खरे कोणी मरत नाही' यात एक लबाडी आहे. खनिज खोटे, पोते खोटे, प्रेतही खोटे. पण संध्याकाळ खरी असते. कल्याणहून सकाळी सातला निघून रात्री साडेआठला घरी आलेला एखादा कारकून, जेवण उरकून, घरातली माणसे निजल्यावर तासभर त्या मुलखात जातो. आठवडाभर रोज एक तास खणून त्याने सात पोती जमवली असतात. मारेकरी ती सात पोती नेतो तेव्हा त्या माणसाच्या आयुष्यातले सात तास नेतो. आणि त्याच्यापाशी स्वतःचे म्हणावेत असे तास आठवड्याला तेवढेच होते. मातीच्या किल्ल्याचेही तेच. किंमत मातीची नसते, चार दिवसांची असते. म्हणून तर ते चार दिवस ज्यांचे, त्यांनीच ते उडवावेत.

दुसरे समर्थन वकिली आहे. वेशीबाहेर धोका आहे हे ठाऊक असून तुम्ही गेलात. तेव्हा तुमची संमती होतीच. असे म्हणणाऱ्याने डोंबिवलीच्या फलाटावर सकाळी उभे राहून पाहावे. जलद लोकल पकडणारा माणूस गर्दी पत्करूनच घरून निघतो. कोपर लागेल, पायावर पाय पडेल, डबा चेपेल, हे सर्व त्याने मान्य केलेले असते. म्हणून कोणी मौज म्हणून त्याला धक्का देऊन खाली पाडावे, यालाही त्याची मान्यता होती काय? गर्दीला दिलेली संमती ही धक्क्याला दिलेली संमती नव्हे. धोका असलेल्या जागी जाणे आणि धोक्याला आमंत्रण देणे यांतला फरक आपण रोज दोन वेळा जगतो, तेव्हा तो कळायला तत्त्वज्ञान वाचावे लागू नये.

तिसरे समर्थन मात्र वजनदार आहे, आणि त्यापुढे मी पुष्कळ दिवस अडलो होतो. ते असे: धोका नाहीसा केला की जग मिळमिळीत होते. जुन्या फेलुकात खाणीकडे एकटे जाता येत नसे, म्हणून माणसे जथ्याने जात. जथ्यात मैत्री होई. परत सुखरूप आले की पोत्यातल्या दगडालाही सोन्याची झळाळी चढे. हिरव्या मुलखात गेलेल्या अनेकांनी पुढे वर्षानुवर्षे त्या भीतीच्या रात्रींची आठवण काढली. यात गतकाळाचा लोभ आहेच, पण नुसता लोभ नाही. आइसलंडात २००३ साली सुरू झालेला 'ईव्ह ऑनलाइन' हा अंतराळातला खेळ तर याच तत्त्वावर उभा आहे. तिथे मुलखाच्या दोन प्रती काढल्या नाहीत. सुरक्षित म्हणवणाऱ्या भागातही पोलीस तुम्हाला वाचवत नाहीत. तुम्हाला मारणाऱ्याला मागाहून शिक्षा करतात, एवढेच. मग काही जण स्वस्तातले जहाज घेतात, ते जाणार हे धरून चालतात, आणि दगड खणणाऱ्या गरिबाचे महाग जहाज उडवतात. एका टोळीने तर खाणकामगारांसाठी परवाना काढला होता: वर्षाला खेळातल्या चलनातले १ कोटी भरा, नाहीतर मरा. आपल्याकडे याला हप्ता म्हणतात, आणि तो वसूल करणाराही आपण समाजाला शिस्त लावतो असेच सांगतो. पण त्या खेळातल्या माणसांनी एकजूट, विश्वासघात, तह, पडझड यांचा जो खराखुरा इतिहास घडवला तो दुसऱ्या कोणत्याही सुरक्षित खेळात घडलेला नाही, हेही कबूल केले पाहिजे.

तेव्हा प्रश्न धोका हवा की नको असा नाहीच. शत्रू कसा, हा प्रश्न आहे. किल्ल्याला वेढा घालणाऱ्याला किल्ला किल्ला म्हणूनच हवा असतो; बुरूज भक्कम असला तर त्याची छाती फुगते. नेदरलंडचा इतिहासकार यॉहान हॉयझिंगा याने १९३८ साली खेळावर जो प्रसिद्ध ग्रंथ लिहिला त्यात लबाडी करणारा आणि डाव मोडणारा यांत भेद केला आहे. लबाड निदान खेळ मानण्याचे सोंग तरी करतो, म्हणून त्याला लोक सांभाळून घेतात. डाव मोडणारा खेळाचे जगच नाकारतो, म्हणून त्याला क्षमा नाही. आपण 'रडीचा डाव' म्हणतो तो पहिल्याचा. आमचा मारेकरी या दोहोंत कुठे बसतो? नियम तो पाळतो, म्हणजे लबाड नव्हे. खेळही सोडत नाही, म्हणजे डाव मोडणाराही नव्हे. त्याचे पाप निराळेच आहे. एकाच जागेवर दोन खेळ चालले आहेत हे त्याला पुरते ठाऊक असते, आणि दुसऱ्याचा खेळ हा त्याच्या खेळाचा कच्चा माल असतो.

ठाण्या-कल्याणच्या कुठल्याही मैदानावर रविवारी सकाळी जावे. एकाच मैदानात दहा सामने चाललेले असतात. एकाच्या यष्टीपाठीमागे दुसऱ्याचा सीमारक्षक उभा असतो, तिसऱ्याचा गोलंदाज चौथ्याच्या खेळपट्टीवरून धावत येतो. नियमपुस्तक नाही, पंच नाहीत, पोलीस नाही. तरी दुसऱ्यांचा चेंडू आपल्यात आला की काय होते? जो जवळ असतो तो न पाहता, न थांबता तो उचलतो आणि त्यांच्याकडे फेकतो. कोणी आभार मानत नाही. या एका हालचालीत जे शहाणपण आहे ते मला पुष्कळ नीतिग्रंथांत सापडलेले नाही. चेंडू परत फेकणाऱ्याला दुसऱ्यांचा सामना कोण जिंकतो याच्याशी कर्तव्य नसते. पण तो सामना आहे, एवढे तो मानतो. मारेकरी हा चेंडू ठेवून घेतो. नंतर त्याच चेंडूने खेळला असता तर एक वेळ समजले असते. पण तो खिशात घालून ती मुले कशी शोधत फिरतात हे पाहत बसतो.

पण मग शांत माणसे सगळी साधुसंत, असेही समजू नये. अल्टिमाच्या निर्मात्यांनी त्या मुलखात आरंभी एक सुंदर योजना केली होती. गवत, गवतावर ससे, सशांवर लांडगे, अशी साखळी. एक जनावर कमी झाले तर दुसऱ्याचे वागणे बदलेल, असे एक जिवंत रान. मुलूख उघडला आणि सद्गृहस्थांनी दिसेल ते जनावर मारायचा सपाटा लावला. जन्मायच्या आधीच रान साफ होई. सगळी योजना गुंडाळून ठेवावी लागली. ही कत्तल तांबड्या नावांनीच केली नव्हती. निळ्या नावांचा हात तिच्यात मोठा होता. आपण कोणाला त्रास देत नाही असे म्हणणाऱ्याने ज्यांना बोलता येत नाही त्यांना मोजलेले नसते, एवढेच पुष्कळदा त्याचा अर्थ असतो.

दुसरे असे की शांत माणसांचा आवडता उपाय म्हणजे निघून जाणे. घोडबंदर रस्त्यावर जी उंच उंच संकुले उभी राहिली आहेत, ज्यांच्या दारावर तीन पहारेकरी तुमचे नाव, गाव आणि वाहनाचा क्रमांक लिहून घेतात, ती म्हणजे ठाण्याचे ट्रॅमेलच. आत हिरवळ, बाहेर खड्डे. मी त्यांना नावे ठेवत नाही. लेकरेबाळे असलेल्या माणसाने सुरक्षित जागा शोधू नये तर काय करावे? पण खेळातल्या मुलखाची दुसरी प्रत फुकट निघाली होती आणि तिथे जायला प्रत्येकाला वाट मोकळी होती. जमिनीची प्रत निघत नाही. तिथून शांत माणसे उठून गेली की मागे जे राहतात ते सगळे लांडगे नसतात. ज्यांना जाणे परवडले नाही अशाही मेंढ्या असतात. खेळातला निवाडा शहराला जसाच्या तसा लावणाऱ्याने हा एवढा फरक लक्षात ठेवावा.

पालकांना या खेळांची जी भीती वाटते तिचा रोख मला नेहमी चुकीच्या जागी वाटत आला आहे. पबजी नावाच्या खेळावर २०२० साली सरकारने बंदी घातली; त्याचेच भावंड २०२१ मध्ये नवे नाव घेऊन आले, २०२२ मध्ये गेले आणि २०२३ मध्ये पुन्हा आले. त्यात १०० जण विमानातून एका बेटावर उड्या टाकतात आणि एक उरेपर्यंत एकमेकांना गोळ्या घालतात. दिसायला भयंकर. तो खेळताना मुलांचा अभ्यास बुडतो, डोळे बिघडतात, हे सगळे खरे. पण आपल्या प्रश्नापुरते पाहिले तर तो खेळ अगदी स्वच्छ आहे. तिथे उडी टाकणारा प्रत्येक जण मारायला आणि मरायलाच आलेला असतो. तिथे शांत माणूस नाही, म्हणून मारेकरीही नाही. सगळे हुतूतूचे गडी. २०२५ साली संसदेने ऑनलाइन खेळांचा कायदा केला, त्याचा रोख पैसे लावून खेळण्यावर आहे आणि तो योग्यच आहे. पण ज्याला आई निर्धास्तपणे 'खेळ हो' म्हणते, तो ठोकळ्या-ठोकळ्यांची घरे बांधायचा गोजिरवाणा खेळ, 'माइनक्राफ्ट', त्यात मात्र आपला प्रश्न पुरता भरलेला आहे. स्वीडनमध्ये जन्मलेल्या या खेळाच्या २०२३ सालापर्यंत ३० कोटींहून अधिक प्रती खपल्या. त्यात माती आहे, दगड आहे, आणि सुतळी बॉम्बाचा थोरला भाऊही आहे. रात्री कोणी येऊन आपले घर उडवू नये म्हणून त्यात अनेक ठिकाणी एक सोय केलेली असते: सोन्याचे फावडे घेऊन आपल्या जागेचे कोपरे आखायचे, की तेवढी जमीन आपल्या नावावर. सातबाराच तो; फक्त तलाठ्याकडे खेटे घालावे लागत नाहीत.

आमच्या इमारतीतल्या सात-आठ मुलांनी गेल्या उन्हाळ्याच्या सुट्टीत असा एक मुलूख केला होता. फावड्याची सोय त्यात नव्हती. एकमेकांपासून काय राखायचे, असे त्यांना वाटले. त्यांनी त्यात डोंबिवली बांधली. स्टेशनचा पूल, गणेश मंदिर, आणि दिवाळीच्या पहाटे नवे कपडे घालून सारी तरुण मंडळी जिथे लोटतात तो फडके रोड, दुतर्फा दिव्यांसकट. तीन आठवडे लागले. एके रात्री त्यांच्यातल्याच एका तेरा वर्षांच्या मुलाने सगळ्या फडके रोडखाली दारू ठासली. सकाळी मुले पाहतात तो स्टेशनपासून मंदिरापर्यंत एक लांबच लांब खड्डा. "खऱ्या रस्त्यापेक्षा हुबेहूब झालाय," असे म्हणून तो हसला. विनोद वाईट नव्हता, पण त्या दिवशी कोणी हसले नाही.

जिन्यावर पंचायत बसली. मी वर्तमानपत्र आणायला खाली उतरलो होतो, तो वरच्या पायरीवर ऐकत उभा राहिलो. काढून टाका, असे दोघांचे म्हणणे पडले. त्याचे घर उडवा, असे तिघांचे. त्याने घर बांधलेलेच नव्हते, तेव्हा ते राहिले. शेवटी एका मुलीने तोड काढली. त्या खेळात अशी एक सोय आहे की एखाद्याला मुलखात हिंडू-फिरू द्यायचे, पण त्याच्या हातून एक ठोकळा फुटणार नाही असे करून ठेवायचे. "त्याला लिंबूटिंबू करा," ती म्हणाली. जे पद धाकट्यांना सांभाळण्यासाठी होते ते दांडग्याला आवरण्यासाठी वापरायचे, हे कोणत्या न्यायाधीशाला सुचले असते, मला ठाऊक नाही.

महिनाभर तो लिंबूटिंबू राहिला. मुलांनी रस्ता पुन्हा बांधला. तो येऊन नुसता बघत उभा राही. मग त्याच मुलीची तक्रार सुरू झाली की आता भिंत बांधावीशीच वाटत नाही, कोणासाठी बांधायची? पुन्हा पंचायत, पुन्हा जिना. ठरले ते असे: त्याला मोकळा करायचा; त्याने दर रविवारी दुपारी हल्ला करावा, हवी तेवढी दारू आणावी; फक्त आदल्या दिवशी कळवावे. मुलांनी आठवडाभर खपून मंदिरापासून पुलापर्यंत तटबंदी घातली, वर तोफा मांडल्या. त्याला निरोप गेला. तो म्हणाला, "सांगून मारण्यात काय मजा?"

तो आला नाही. तटबंदी अजून उभी आहे. दर शनिवारी संध्याकाळी त्यांच्यातला कोणीतरी त्याच्या दाराची घंटा वाजवतो आणि विचारतो, उद्या येतोस का.